लिटरला २० की ५०? नव्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल किती घालायचं

सायकलला बसवायचं छोटं पेट्रोल इंजिन, गवत कापायचा ब्रश कटर आणि पाठीवर घ्यायचा फवारणीचा पेट्रोल पंप ही यंत्रं दिसायला अगदी वेगळी. आतलं इंजिन मात्र बहुतेक वेळा एकाच पद्धतीचं असतं: टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एकदा पेट्रोल पेटणारं. सांगली-साताऱ्याकडे ज्यांच्या घरी असं इंजिन नव्यानं येतं, त्यांना पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? दुकानदार एक सांगतो, मेस्त्री दुसरं सांगतो आणि खोक्यातल्या पत्रकात तिसरंच छापलेलं असतं. त्यातच २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई२०) मिळू लागलं आणि ‘यानं इंजिन जळतं का?’ ही चर्चा सुरू झाली.

हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ते वेगळे करून नीट पाहिले नाहीत, तर नवं कोरं इंजिन पहिल्या महिन्यातच जाम होऊ शकतं. मग ऑइल कमी पडलं असणार, असं सगळे धरून चालतात. पुष्कळदा खरं कारण दुसरंच असतं.

## ऑइल पेट्रोलमधूनच का द्यायचं?

मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तळाला ऑइलचा साठा असतो. एक छोटा पंप ते ऑइल वर पाठवतो, ते सगळीकडे फिरून परत तळाला येतं आणि ठरावीक किलोमीटर झाले की आपण ते बदलतो. टू-स्ट्रोकमध्ये ही सोय नाही, कारण पिस्टनखालची बंद जागा, म्हणजे क्रँककेस, तिथे दुसऱ्या कामाला जुंपलेली असते. पिस्टन वर गेला की कार्बोरेटरमधून, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, ते मिश्रण या जागेत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटेनं सिलिंडरमध्ये चढतं. इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास ही रचना पुढे आणली आणि आजचा ब्रश कटरही जवळपास त्याच कल्पनेवर चालतो. व्हॉल्व्ह नाहीत, ऑइल पंप नाही, म्हणून इंजिन हलकं आणि स्वस्त.

ज्या जागेतून सतत पेट्रोलची वाफ वाहते, तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळून पाठवतात. आत गेल्यावर पेट्रोलची वाफ होते. ऑइलचे बारीक थेंब क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना, पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतात. काम झालं की ते जळून किंवा तसेच सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर जातात. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण ६६ वेळा आत पेट्रोल पेटतं आणि प्रत्येक घोटासोबत जेवढं ऑइल येईल तेवढंच त्याच्या वाट्याला असतं. पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी झालं. पुढे घाटाचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडेल.

## एके काळी हे सगळ्यांना माहीत होतं

तीस-चाळीस वर्षांपूर्वी यावर लेख लिहावा लागला नसता. साताऱ्याच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत होती. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये ही कंपनी काढली होती. कायनेटिकची लूना १९७२ पासून रस्त्यावर होती. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइलही मागायचं असतं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं.

पुढे धुराचा प्रश्न गंभीर झाला. सुटं ऑइल बिनदर्जाचं, मोजमाप अंदाजानं आणि रिक्षा-स्कूटरमागे निळे लोट. दिल्लीच्या हवेबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये जे आदेश दिले, त्यांत सुटं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल विकायला मनाई करण्याचाही समावेश होता. नंतर फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ लागू झाल्यानंतर नव्या टू-स्ट्रोक दुचाकी बाजारातून उठल्याच. गाड्या गेल्या तशी ती माहितीही गेली. इंजिनं मात्र शेतात, बागेत आणि हौशी पोरांच्या सायकलींवर शिल्लक आहेत.

## २० आणि ५० चा घोळ

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या एका घोळामुळे होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

ऑइलचं माप दोन पद्धतींनी सांगतात. पत्रकात गुणोत्तर असतं: २५:१, ५०:१ असं. म्हणजे २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. मेस्त्री मात्र लिटरला किती मिली ते सांगतो. दोन्ही जोडायचा हिशेब सोपा आहे. १००० ला गुणोत्तरातल्या मोठ्या आकड्यानं भागा, लिटरमागे किती मिली ऑइल ते कळतं. १६:१ म्हणजे साधारण ६२ मिली, २०:१ म्हणजे ५० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली, ३२:१ म्हणजे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली आणि ५०:१ म्हणजे २० मिली.

आता यातल्या जोड्या बघा. २०:१ म्हणजे ५० मिली आणि ५०:१ म्हणजे २० मिली. २५ आणि ४० चंही तसंच. त्यामुळे कुणी नुसतं ‘वीस घाल’ म्हणालं, तर ते गुणोत्तर की मिली, हे विचारल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. २०:१ हवं असताना २० मिली घातलं, तर ऑइल गरजेच्या अडीचपट कमी पडतं. उलट झालं, तर अडीचपट जास्त. आकडा एकच, पण एका बाजूला बेअरिंग जातं आणि दुसऱ्या बाजूला प्लग आणि सायलेन्सर काजळीनं भरतात.

माप घ्यायला बाटलीच्या झाकणावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात ५० मिलीची सिरिंज मिळते, ती एक घ्या आणि फक्त याच कामाला ठेवा. पेट्रोलचा कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला असावा. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. आधी निम्मं पेट्रोल, मग मोजलेलं ऑइल, कॅन चांगला हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवायचं. ऑइल थेट टाकीत ओतलं, तर ते तळाला बसून आधी घट्ट ऑइलच कार्बोरेटरकडे जातं आणि पुढे निव्वळ पेट्रोल येतं. कॅनवर मार्करनं तारीख आणि माप लिहून ठेवा. घरात दुसरं कुणी तो कॅन उचलून मोटरसायकलमध्ये ओतणार नाही आणि साधं पेट्रोल चुकून ब्रश कटरमध्ये जाणार नाही.

## नव्या इंजिनात नेमकं काय नवं असतं?

‘रनिंग-इन’ हा शब्द आपण सगळे वापरतो. त्यात आत काय घडतं ते पाहू. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनवरची रिंग डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण सूक्ष्मपणे पाहिलं तर दोन्हींवर उंचवटे असतात. नव्या जात्यावर पहिली काही दळणं खायला घेत नाहीत, कारण त्यांत दगडाची कच येते आणि दोन्ही दगड अजून एकमेकांना बसलेले नसतात. इथेही तसंच. पहिल्या काही तासांत उंचवटे घासून जातात, रिंग भिंतीला सगळीकडून टेकते आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पकडतं.

रिंगला भिंतीवर कोण दाबतं? तिचा स्वतःचा ताण असतोच, पण मुख्य जोर वर पेटलेल्या वायूचा. तो रिंगच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणून नव्या इंजिनाला थोडा भार मिळालाच पाहिजे. ‘दोन टाक्या उभ्या जागी हळू पिकअपवर जाळून टाका’ हा सल्ला अजून ऐकू येतो, पण मला तो चुकीचा वाटतो. उभ्या जागी वायूचा दाब कमी, त्यामुळे रिंग नीट बसत नाही. सायकलच्या इंजिनाला पंखाही नसतो, म्हणून चालती हवा मिळत नाही. वर न जळलेलं ऑइल प्लगवर साचतं.

दुसरा धोका उष्णतेचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापला की चांगलाच फुगतो. नव्या इंजिनात पिस्टन आणि भिंतीमधली फट घट्ट असते, त्यात घासण्यामुळे जास्तीची उष्णता तयार होते. पिस्टन फुगून ती फट संपली, की ऑइलचा पडदा फाटतो आणि धातूला धातू लागतो. मेस्त्री म्हणतात, ‘पिस्टननं पकडलं.’ चीनहून येणाऱ्या सायकल किटचा, म्हणजे सायकलला बसवायच्या इंजिनाच्या संचाचा, सिलिंडर ब्लॉक बहुधा ॲल्युमिनियमचा असून आतून त्याला क्रोमचा पातळ थर असतो. जुन्या स्कूटरच्या बिडाच्या ब्लॉकसारखा तो बोअर करून पुन्हा वापरता येत नाही. त्यावर खोल ओरखडे पडले, तर बहुतेक वेळा नवा ब्लॉक-पिस्टनच घ्यावा लागतो.

म्हणजे रनिंग-इनच्या काळात ऑइल हवंच. पण ऑइलपेक्षाही उष्णतेला सांभाळायचं असतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

## ‘ऑइल थोडं जास्तच घालू, बिघडलं कुठं?’

ही शंका इतकी स्वाभाविक आहे की तिला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आपण आतापर्यंत पेट्रोल आणि ऑइलच्या प्रमाणाबद्दल बोललो. कार्बोरेटर आणखी एक मिश्रण करतो, हवा आणि पेट्रोलचं. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं तर त्याला ‘लीन’ म्हणतात, जास्त झालं तर ‘रिच’. लीन इंजिन जास्त तापतं. त्यातही टू-स्ट्रोक लीन झालं तर दुहेरी मार बसतो, कारण पेट्रोलसोबत ऑइलही कमी येतं.

आता कार्बोरेटरमधलं जेट बघा. पितळेच्या त्या बारीक भोकातून ठरावीक द्रव जातो. तो द्रव पेट्रोल आहे की ऑइल, हे जेटला कळत नाही. ५०:१ च्या मिश्रणात ९८ टक्के पेट्रोल असतं. १६:१ मध्ये ते ९४ टक्क्यांवर येतं. म्हणजे त्याच भोकातून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल सुमारे ४ टक्क्यांनी घटतं. शिवाय ऑइल घट्ट असल्यानं मिश्रण थोडं हळू वाहतं. हवा मात्र तेवढीच येत राहते. ऑइल वाढवलं की इंजिन लीनकडे सरकतं. जळायला ऑइलही थोडी मदत करतं, पण पेट्रोलसारखी नाही.

याचा अर्थ जास्त ऑइल घालणारा प्रत्येक जण इंजिन जाळतो असा नाही. चिनी किट बऱ्याचदा मुळातच मोठं जेट लावून येतात, त्यामुळे थोडी घट निभावून जाते. पण ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा हिशेब एका मर्यादेनंतर उलटा फिरतो. जास्तीचं ऑइल प्लग ओला करतं, धूर बाहेर जायच्या वाटेत काजळी साचवतं, रिंगच्या खाचेत चिकटून रिंग जाम करतं. रिंग जाम झाली की कॉम्प्रेशन गेलं, म्हणजे ज्यासाठी रनिंग-इन केलं तेच हातचं गेलं.

## ई२० पेट्रोलचं काय?

इथे आपल्या भागाचा संबंध थेट येतो. पेट्रोलमधलं इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून येतं आणि सांगली, कराड, वाळवा पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या ते तयार करतात. हे पेट्रोल वाईट आहे असं सांगायचा माझा हेतू नाही. शेतकऱ्याच्या उसाला त्यातून आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकवर त्याचा काय परिणाम होतो, हे वापरणाऱ्याला कळायला हवं.

निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. ई२० ला मिळून साधारण साडेतेरा पट हवा पुरते. नव्या मोटरसायकलमध्ये सेन्सर असतो, तो हे ओळखून पेट्रोल वाढवतो. सायकलच्या किटला किंवा ब्रश कटरला सेन्सर नाही. जुन्या हिशेबानं लावलेल्या जेटवर हे पेट्रोल चालवलं, तर मिश्रण ७-८ टक्क्यांनी लीन होतं.

आता बेरीज करा. नवं इंजिन म्हणून काळजीनं १६:१ ऑइल घातलं, त्यानं ४ टक्के. ई२० नं ७-८ टक्के. फट घट्ट, घर्षण जास्त आणि वरून मिश्रण दहा टक्क्यांहून अधिक लीन. जपण्यासाठी जे केलं तेच इंजिन तापवायला हातभार लावतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता शोषतं, म्हणजे आत येणारं मिश्रण थोडं थंड राहतं. त्याचा ऑक्टेन आकडाही, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, चांगला आहे. म्हणून ई२० घातलं की इंजिन लगेच जळतं, ही भीती अवाजवी आहे. पण छोट्या टू-स्ट्रोक यंत्रांच्या अनेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा. त्यानुसार जेट एक नंबर मोठं लागेल का, हे जाणत्या मेस्त्रीकडून प्लग बघून ठरवा. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले पडदेही इथेनॉलनं फुगतात किंवा कडक होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

पाण्याचा मुद्दा मला यापेक्षा गंभीर वाटतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाटण, महाबळेश्वर, जावळीकडच्या पावसाळ्यात अर्धी टाकी भरून यंत्र तसंच ठेवलं, झाकणातून पाणी किंवा दमट हवा आत गेली आणि पाणी एका मर्यादेपुढे साठलं, तर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात. ते जड असल्यानं तळाला बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. कार्बोरेटरची नळी तळातून ओढते. म्हणजे सुरुवातीला इंजिनात जे जातं, त्यात ऑइल जवळजवळ नसतंच. तुम्ही माप कितीही अचूक घेतलेलं असू द्या.

यावर उपाय सोपा आहे. थोडं मिश्रण करा आणि ते दोन-तीन आठवड्यांत संपवा. यंत्र महिनाभर लागणार नसेल, तर टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. मिश्रण गढूळ दिसलं किंवा तळाला वेगळा थर दिसला, तर ते इंजिनात घालू नका.

## मग पत्रकात १६:१ का छापतात?

सायकल किटच्या पत्रकात सहसा पहिल्या ५०० किलोमीटरला १६:१ आणि पुढे २०:१ असतं. साध्या खनिज ऑइलला धरून दिलेलं हे जुन्या वळणाचं माप आहे. आजचं चांगलं टू-टी ऑइल त्याहून बरंच सरस आहे. ब्रश कटरच्या पुस्तिकेत बहुधा दोन आकडे सापडतात: साध्या ऑइलला २५:१ आणि कंपनीच्या किंवा उच्च दर्जाच्या ऑइलला ५०:१.

माझा सल्ला असा. वॉरंटी असेल आणि पुस्तिका स्पष्ट असेल, तर पुस्तिकेप्रमाणे चाला. सायकल किटचं पत्रक वाचण्यासारखं नसेल, तर चांगलं ऑइल घेऊन पहिल्या ५०० किलोमीटरला २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली घाला. पुढे ३२:१, म्हणजे ३१ मिली. किटच्या इंजिनाला ५०:१ वर नेऊ नका. त्यातली बेअरिंगं साधी असतात, त्यांना थोडं जास्तच ऑइल लागतं. वाचलेल्या दहा मिलीचे पैसे क्रँकच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

## कुठलं ऑइल?

बाटलीवर ‘टू-टी’ लिहिलेलं असलं पाहिजे, आणि जासो एफसी किंवा एफडी असा दर्जा छापलेला असेल तर उत्तम. जासो ही जपानी मानकं आहेत. एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी आणि एफडी आतून आणखी स्वच्छ ठेवतं. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल महाग असलं, तरी ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आपली इंजिनं हवेवर थंड होतात आणि जास्त तापतात. त्यांना ते नको.

मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल चालेल का? नाही. त्यातली रसायनं तळाच्या साठ्यात महिनोन् महिने टिकायला बनवलेली असतात, जळायला नाही. ती जळली की राख राहते आणि ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. गॅरेजमधलं काढलेलं काळं ऑइल तर मुळीच नको, त्यात धातूचा बारीक चुरा असतो. काही जुनी माणसं एरंडेल सुचवतात. त्यात तथ्य आहे, शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल वापरलं जायचं. पण ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही आणि आत चिकट थर सोडतं. रोजच्या वापरात त्याचा त्रासच जास्त.

## पहिले ५०० किलोमीटर: सांगलीत आणि साताऱ्यात

सांगलीकरांना इथे निसर्गाची साथ आहे. सांगली-मिरज पट्टा सपाट. पहिल्या दिवशी इंजिन एक-दोन मिनिटं गरम होऊ द्या, कारण पिस्टन लवकर तापतो आणि ब्लॉक उशिरा. थंड इंजिनाला एकदम पिकअप दिला, तर पिस्टन आधी फुगतो आणि पकडतो. मग दहा-पंधरा मिनिटं चालवा. अर्ध्या पिकअपपर्यंत न्या, सोडा, पुन्हा न्या. एकाच वेगावर धरून ठेवू नका. थांबवा, पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा झाल्यावर, इंजिन थंड असताना हेडचे आणि कार्बोरेटरच्या जोडाचे नट तपासा. नव्या गॅस्केट पहिल्या उष्णतेनंतर थोड्या बसतात आणि नट सैल होतात. तिथून बाहेरची हवा आत गेली, की इंजिन पुन्हा लीन.

साताऱ्यात घाट आहेत. नव्या इंजिनानं यवतेश्वर चढू नका, पूर्ण भार आणि कमी वेग म्हणजे हवा कमी आणि उष्णता जास्त. चढ टाळता येत नसेल तर पॅडल मारा, सायकलला ते त्यासाठीच आहेत. उतार तर चढापेक्षा फसवा असतो. काससारख्या ठिकाणाहून उतरताना पिकअप बंद असतो, चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत राहतं. पेट्रोल जवळजवळ बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि फेरे हजारोंनी. म्हणून उतारावर क्लच दाबून इंजिन सुटं करा, ते हळू चालू राहू द्या आणि वेग ब्रेकनं सांभाळा. किट बसवण्याआधी दोन्ही ब्रेक चांगले हवेत, हे वेगळं सांगायला नको.

फवारणी पंप आणि ब्रश कटरवाल्यांची अडचण वेगळी. द्राक्षबागेत किंवा हळदीत काम अडलेलं असतं आणि नवा पंप पहिल्याच दिवशी सकाळपासून पूर्ण पिकअपवर चालतो. इंजिनाला यापेक्षा वाईट सुरुवात नाही. पहिल्या दोन-तीन टाक्या मधल्या पिकअपवर चालवा, मध्ये थांबे घ्या. ब्रश कटर गवतात नसताना जोरात फिरवू नका. भार नसताना तो फेऱ्यांची मर्यादा ओलांडतो.

कायद्याचंही थोडक्यात. मोटर वाहन कायदा १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन ‘मोटर वाहन’ धरत नाहीत. बाजारात मिळणारी सायकल किट बहुतेक ४८ ते ८० सीसीची असतात, म्हणजे ती मर्यादेबाहेर जातात. त्यांना नोंदणी, विमा, परवाना सगळं लागतं आणि घरी जोडलेल्या सायकलला ती नोंदणी मिळणं जवळजवळ अशक्य. हमरस्त्यावर नेण्याआधी याचा विचार करा.

## ऑइल कमी कधी करायचं?

इंजिन बसलं हे हाताला कळतं. पॅडल मारताना कॉम्प्रेशनचा अडथळा पहिल्यापेक्षा घट्ट लागतो, हळू पिकअपवर इंजिन एकसारखं चालतं, चढाला जोर वाढलेला जाणवतो. त्या वेळी प्लग काढून बघा. टोक चॉकलेटी असेल तर ठीक. ओलं काळं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट असेल तर लीन, तिथे आधी जेट आणि हवेची गळती बघायची, ऑइल वाढवायचं नाही. पिकअप सोडूनही इंजिन आपोआप जोरात पळायला लागलं, किंवा चालता चालता आवाज बदलून जड झालं, तर त्याच क्षणी क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर हातानं फिरवून बघा.

सगळं ठीक असेल तर पुढच्या कॅनपासून ४० मिलीचं ३१ करा. ऑइल कमी झालं की त्याच जेटमधून पेट्रोल थोडं जास्त जाणार, म्हणजे मिश्रण किंचित रिच होणार. म्हणून नव्या मापाची एक टाकी संपली की प्लग पुन्हा एकदा काढा आणि कार्बोरेटरमधल्या निडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) खाच किंवा जेट त्याप्रमाणे लावून घ्या.